अंदाजाची वही

2 नोव्हेंबर

संक्रांत झाली की आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. ती भिवापूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून माझ्या नागपुरातल्या जयताळ्याच्या खोलीवर येईल आणि पंधरा-वीस दिवस राहील. डॉक्टरांनी आत्ताच बजावलं आहे की धूर, धूळ आणि शेगडीची धग यांपासून तिला लांब ठेवायचं. मेसचा डबा मलाच सोसत नाही, तिला कसला सोसणार! तेव्हा स्वयंपाक मी करणार. हातात अडीच महिने आहेत.

आज मला येतं ते एवढंच: चहा, उकडलेली अंडी, आणि मोबाइलवर व्हिडिओ लावून दिवाळीत केलेली पनीरची भाजी. भाजी चांगली झाली होती. पण दुसऱ्या दिवशी घरात फक्त ढेमसं होती आणि मी ती हातात घेऊन नुसता उभा राहिलो. पनीरच्या भाजीतलं काहीच ढेमशांच्या कामी आलं नाही, कारण ती भाजी मी शिकलोच नव्हतो. समोरचा सांगेल तसे हात हलवले होते.

म्हणून नियम असा: व्हिडिओ नाही, लिहिलेली कृती नाही. आईला फोन चालेल, पण "किती टाकू" विचारायचं नाही. कसं दिसतं, कसा वास येतो, एवढंच विचारायचं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी हिंगणा एमआयडीसीत लेथवर, म्हणजे धातू फिरवून तासायच्या मशीनवर, टर्नर आहे. नवा जॉब, म्हणजे तासायचा तुकडा, लावताना स्पीड, फीड आणि कट तिन्ही एकदम बदलले, तर जॉब कशानं बिघडला ते कधीच सापडत नाही.

सामान: एका बर्नरची शेगडी, पाच किलोचा सिलिंडर, तीन लिटरचा कुकर, एक जाड बुडाची कढई, एक गंज (पातेलं), सराटा (उलथनं), आणि घरमालकीण काकूंनी दिलेला मिसळणाचा जुना डबा. त्यांनीच त्यात मोहरी, जिरं, हळद, तिखट, धनेपूड भरून दिली.

4 नोव्हेंबर

भात, कुकरशिवाय, गंजात. मुद्दाम, म्हणजे आत काय चाललं ते दिसेल.

एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी. खाली लागला आणि वर कच्चा राहिला. आच शेवटपर्यंत मोठी होती, झाकण मी सारखं उघडत होतो.

5 ते 8 नोव्हेंबर

रोज भातच. पाणी तेवढंच, तांदूळ तोच, बदलली फक्त आच. चौथ्या दिवशी जमला. पाणी तांदळाच्या पातळीला आलं, वर बारीक भोकं पडली, की आच अगदी कमी आणि झाकण. मग दहा-बारा मिनिटं हात लावायचा नाही. गॅस बंद केल्यावर आणखी दहा मिनिटं तसाच. त्या दहा मिनिटांत वरच्या शिताला खालची वाफ मिळते. आधीच्या तीन दिवसांत मी तेवढा वेळ दिलाच नव्हता.

तांदूळ एचएमटी आहे. आमच्याकडे हाच खातात, पण त्याच्या नावाचा विचार मी कधी केला नव्हता. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी 1980 च्या दशकात आपल्या शेतातल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या बाजूला काढल्या, त्यांचं बी जपलं आणि पुन्हा पुन्हा पेरून हा वाण तयार केला. तेव्हा एचएमटीच्या घड्याळाची चलती होती, तेच नाव तांदळाला पडलं. आणि त्याच एचएमटीचा लेथ माझ्या शॉपमध्ये आहे, ज्यावर मी दिवसाचे आठ तास उभा असतो. अल्पभूधारक शेतकऱ्यानं नुसत्या डोळ्यांनी पारखलेला तांदूळ. ताटातला भात आता मी जरा जास्त मानानं खातो.

11 नोव्हेंबर

वरण फसलं. आंबट वरण आवडतं म्हणून डाळीबरोबरच चिंचेचा कोळ कुकरमध्ये घातला. चार शिट्ट्या, मग आणखी तीन. डाळ टणक ती टणकच.

आईला फोन. ती म्हणाली, "चिंच आधी टाकली का? मंग ते कायची शिजते. डाळ घोटून झाली का मंगच आंबट."

कारण दुपारी जेवायच्या सुट्टीत शोधलं. आंबटानं डाळीच्या पेशींना बांधून ठेवणारा पदार्थ लवकर विरघळत नाही, म्हणून दाणा फुटत नाही. टमाटरचंही तेच. कुकरमध्ये दाबामुळे पाणी साधारण 120 अंशांपर्यंत तापतं, उघड्या गंजात 100 च्या आसपासच राहतं, म्हणून कुकर लवकर शिजवतो. पण आंबट पडलं की त्याचाही जोर चालत नाही. आता ही एक गोष्ट वरण, आमटी, छोले, राजमा सगळ्यांना लागू आहे. कृती पाठ केली असती तर ती एकाच वरणापुरती कामी आली असती.

16 नोव्हेंबर

आज सुट्टी. अख्खा दिवस कांद्यावर घालवला आणि हा दिवस मी विसरणार नाही.

चार कांदे, एकाच आकाराचे, बारीक चिरले. चार वेळा कढई ठेवली. तेल दर वेळी दोन चमचे फल्लीतेल (शेंगदाण्याचं), आच तीच. पहिला कांदा नुसता पारदर्शक झाल्यावर थांबवला, दुसरा कडा पिवळ्या पडल्यावर, तिसरा सोनेरी, चौथा गडद बदामी. मग चारही कांद्यांत तेवढंच तिखट, हळद, मीठ, एक-एक वाटी पाणी. चार वाट्या रस्सा ओळीनं मांडून पोळीच्या तुकड्यानं चाखला.

पहिला गोडसर आणि कच्चट. दुसरा बरा, पालेभाजीत चालेल असा. तिसऱ्याला घरच्या आलूच्या रश्शाची चव. चौथा दाट, खमंग, मटणाच्या रश्शाकडे झुकणारा. मसाला सगळ्यांत एकच होता! हॉटेलच्या आणि घरच्या भाजीतला फरक मी आजवर मसाल्यात शोधत होतो. निम्मा फरक तर कांदा कुठं थांबवला यातच होता.

दुसरं कळलं ते आवाजाचं. कांदा टाकला की चर्र असा जाड, ओला आवाज येतो. तो कांद्यातल्या पाण्याचा. पाणी आहे तोवर कांद्याची धग शंभर अंशांच्या वर चढत नाही, म्हणून रंगही धरत नाही. मग आवाज हळूहळू बारीक होतो, कोरडा होतो, फुटाणे लांबून फुटावेत तसा. तिथून पुढं रंग भराभर बदलतो आणि मान वळवायची सोय राहत नाही. मीठ सुरुवातीलाच टाकलं तर पाणी लवकर सुटतं आणि कांदा लवकर मऊ पडतो, हेही पाचवा कांदा घेऊन पाहिलं.

लेथवर हे मला आठ वर्षांपासून माहीत आहे. टूल बोथट झालं की आवाज आधी बदलतो, फिनिश नंतर बिघडते. उस्तादांनी पहिल्या महिन्यात सांगितलं होतं की मशीनकडं पाठ असली तरी कान मशीनकडं पाहिजे. कढईलाही कान लागतो, हे कोणी सांगितलं नव्हतं.

19 नोव्हेंबर

फोडणी. मोहरी तडतडायच्या आधी जिरं टाकलं तर मोहरी कच्ची, कडवट लागते. मेथीदाणा लाल झाला की थांबायचं, काळा झाला की सगळी भाजी कडू. लसण शेवटी. तिखट टाकायच्या आधी गॅस कमी करायचा, नाहीतर ते जळतं आणि खोकला काकूंच्या घरापर्यंत जातो. तिखटाचा झणका तेलात विरघळतो, पाण्यात नाही. म्हणून तेलात पडलेलं तिखट सगळ्या रश्शात पसरतं आणि वरून भुरभुरलेलं तिखट एकाच घासात लागतं.

23 नोव्हेंबर, गावी

इतवारीतून एक छोटा काटा घेतला होता, दागिने तोलायचा असतो तसा, ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत दाखवणारा. तो गावी घेऊन आलो. आईला म्हटलं, रोज वरणात टाकतेस तेवढं मीठ या वाटीत टाक. तिनं टाकलं. मी तोललं, परत डब्यात ओतलं, पुन्हा टाकायला सांगितलं. असं पाच वेळा.

"मिठालेबी काट्यावर चढवतं का रे तू?" ती म्हणाली, पण टाकत गेली.

9.1, 8.8, 9.4, 9.0, 9.2.

मी आकडे दोनदा तपासले. तिला उजव्या डोळ्यानं आता माणूस ओळखू येत नाही, डाव्यालाही धुकं आहे. मिठाच्या डब्याकडे ती पाहतही नव्हती. तीन बोटं दुसऱ्या पेरापर्यंत मिठात, अंगठ्यानं वरचं झटकलं, झालं. माझ्या शॉपमध्ये नवा मुलगा व्हर्निअर, म्हणजे बारीक मापाची पट्टी, हातात घेऊनही इतकं नेमकं काम करत नाही.

मग माझी पाळी. 5.2, 12.6, 8.1, 14.0, 6.7.

वरणाचा गंजही तोलला. रिकामं भांडं वजा जाता साधारण 900 ग्रॅम. म्हणजे शंभराला एक. रात्री आलू-वांग्याचा रस्साही तोलून पाहिला, तिथंही मीठ शंभराला एकच्या जरासं वर. आईला शेकडा माहीत नाही. तिचे शेकडे बोटांत आहेत, चाळीस वर्षांच्या रोजच्या दोन वेळांचे.

बायका "अंदाजानं टाकते" म्हणतात तेव्हा मला वाटायचं की त्या सांगायचं टाळतात, किंवा ही जन्मजात देणगी आहे. आज काट्यावर पाहिलं, ते मोजमापच आहे. फक्त काटा हातात मुरला आहे. तसं असेल तर तो माझ्याही हातात मुरवता येईल. आजपासून मीठ आधी हातानं घ्यायचं, मग तोलायचं, मग टाकायचं. उलट क्रमानं नाही.

येताना आईनं भिवापुरी मिरचीचं तिखट दिलं. या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, पण आईच्या लेखी ती नुसती "आपली मिरची".

30 नोव्हेंबर

लोकमान्य नगरहून मेट्रोनं कॉटन मार्केट. यादी न करता गेलो, हा नवा प्रयोग. आधी पाहायचं काय ताजं आहे, मग ठरवायचं. पालक, आंबटचुका, मेथी, बरबटी, छोटी जांभळी वांगी. सांबाराची जुडी हातात घेतली की देठ मोडून पाहायचा, कट् मोडला तर ताजा. बाहेरगावच्या मित्रानं एकदा इथं कोथिंबीर मागितली आणि सांबार दिल्यावर तो गोंधळला होता. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीरच.

वांग्यांचा देठ हिरवा आणि वांगं वजनाला हलकं, तर आत बिया कमी. हे भाजीवाल्या मावशींनी स्वतःहून सांगितलं. विचारलं की लोक सांगतात, भरभरून सांगतात.

7 डिसेंबर

आमटी खारट झाली. हातानं घेतलं, तोलायला विसरलो. आलू टाकून पाहिला, कणकेची गोळीही टाकून पाहिली. दोन्ही स्वतः खारट झाले, आमटी तेवढीच खारट राहिली. ते मीठ वेगळं शोषत नाहीत, खारट पाणीच शोषतात. शेवटी बिनमिठाची अर्धी वाटी डाळ शिजवून त्यात घोटली, तेव्हा सुधारली. यावर दुसरा उपाय नाही: वाढवायचं आणि दोन दिवस खायचं. थंडी आहे म्हणून दुसऱ्या दिवशी चाललं. मे महिन्यात नागपुरात हे करू नये.

14 डिसेंबर

चून. म्हणजे पिठलं, पण घरात आम्ही चूनच म्हणतो. उकळत्या पाण्यात बेसन टाकलं आणि सुपारीएवढ्या गुठळ्या झाल्या. गुठळी फोडली, आत पीठ कोरडं. गरम पाणी लागताच बाहेरचा थर फुलून चिकट होतो आणि आत पाणी जाऊ देत नाही. बेसन आधी थंड पाण्यात कालवलं की ही भानगडच राहत नाही. कच्च्या पिठाचा वास जाऊन भाजल्या हरभऱ्याचा वास आला की झालं.

आई मात्र गरम पाण्यात वरूनच पेरते आणि घोटत राहते. तिच्या होत नाहीत. एका हातानं पेरायचं, दुसऱ्यानं घोटायचं, दोन्हीची गती जुळली पाहिजे. हे माझं उधार राहिलं.

20 डिसेंबर

डाळभाजी, पहिल्यांदाच कोणाला काही न विचारता. तूरडाळ, थोडी हरभरा डाळ, मूठभर फल्लीदाणे, पालक. आंबटचुका डाळ शिजल्यावर. 11 नोव्हेंबरची चूक इथं कामी आली. वरून लसणाची आणि लाल मिरचीची फोडणी. एक वाटी काकूंकडे दिली. वाटी परत आली ती मुळ्याच्या कोशिंबिरीनं भरून, आणि निरोप: लसण अजून थोडा लाल होऊ द्या. बरोबर आहे, मी घाबरून आधीच काढला होता.

28 डिसेंबर

तुरीचे सोले बाजारात आले. शेंगा सोलायला पाऊण तास लागला, बोटं हिरवी झाली. दाणे थोड्या तेलात परतून, लसण-मिरचीबरोबर जाडेभरडे वाटले. कांदा तिसऱ्या पायरीपर्यंत, सोनेरी. त्यात वाटण, मग वांग्याच्या फोडी, गरम पाणी. पाणी थंड टाकलं असतं तर उकळी मोडली असती. आमटी हिरवट, दाट झाली. थंडीतल्या रात्री गरम भातावर ही आमटी असली की विदर्भात जन्माला आल्याचं सुख वाटतं.

आज हिशेब करताना लक्षात आलं की मी कुठंही अडलो नाही. पुढं काय, हे कढईच सांगत होती.

4 जानेवारी

कढी फुटली. ताकाला बेसन लावायला विसरलो आणि आच मोठी. दुसऱ्यांदा बेसन घोटून, मंद आचेवर, ढवळत राहिलो. नाही फुटली.

11 जानेवारी

मीठ, पाच वेळा, न पाहता: 9.6, 8.3, 9.0, 9.9, 8.7.

आईएवढं नाही. पण वरण बिघडणार नाही इतकं झालं. काटा डब्यात भरून माळ्यावर ठेवला.

21 जानेवारी

आई परवा आली. काल ऑपरेशन झालं, नीट झालं. डोळ्यावर पट्टी. काल रात्री तिला मऊ भात, वरण, वर तूप एवढंच दिलं. तिनं पानातलं सगळं संपवलं आणि काही बोलली नाही. आमच्याकडे जेवण चांगलं झालं की बोलत नाहीत, बिघडलं की बोलतात.

23 जानेवारी

हे नीट लिहून ठेवतो.

आई आतल्या खोलीत खाटेवर होती, मधलं दार लोटलेलं. मी ढेमशांची भाजी करत होतो, तीच ढेमसं ज्यांच्यापुढं मी ऑक्टोबरात उभा राहिलो होतो. कांदा कढईत पडला. जाड आवाज, मग हळूहळू बारीक. मी आच कमी केली आणि तिखटाचा चमचा हातात घेतला, तेवढ्यात आतून आवाज आला, "आवाज बसला रे. टाक आता तिखट."

पट्टी डोळ्यावर, मध्ये भिंत, आणि तिनं तोच क्षण ओळखला. मी म्हटलं, "हातातच आहे." थोडा वेळ काही नाही. मग म्हणाली, "हो, वास आला."

मी कढईकडे बघत उभा राहिलो. डोळे भरून आले होते, आणि ते तिखटानं नव्हते.

29 जानेवारी

संध्याकाळी शॉपमधले दोघं आईला भेटायला आले, न सांगता. घरात अर्धी पत्ताकोबी, दोन आलू, वाटीभर सकाळचं वरण, बेसन. आठ वाजले होते, जेवल्याशिवाय कसं पाठवायचं? पत्ताकोबी बारीक चिरून, बेसन, ओवा, तिखट लावून तिचे मुटके वाफवले. त्याच कढईत कांदा गडद बदामीपर्यंत नेऊन पातळ, झणझणीत रस्सा केला, त्यात मुटके सोडले. वरणाला नवी लसणाची फोडणी. भात टाकला. आलू उरलेच.

याला नाव काय, असं एकानं विचारलं. नाव नाही. पाटवडीच्या रश्शावरून सुचलं. त्यानं तिसऱ्यांदा रस्सा मागितला. आईनं तिखट कमी असलेला रस्सा आधीच बाजूला काढून घ्यायला लावला होता, तिला तोच वाढला.

3 फेब्रुवारी

आईची पट्टी निघाली आहे, काळा चष्मा आहे. परवा गावी जाईल. आज ती दारात खुर्ची टाकून, शेगडीपासून लांब बसली आणि मी भाकर थापली.

ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नाही, म्हणून पीठ गरम पाण्यातच मळायचं, म्हणजे ते थोडं शिजून स्वतःला धरून राहतं. तीन भाकरी केल्या. पहिली थापतानाच फाटली. दुसरी उचलताना. तिसरी तव्यावर पोचली, पण कडा चिरल्या आणि फुगली नाही. आईनं नव्या डोळ्यानं तिसरी उलटसुलट पाहिली, कडेवर बोट फिरवलं.

"पाणी कोमट झालं होतं," ती म्हणाली. "आनं मळलं कमी."

उद्या: पीठ तेच, तवा तोच, मळणं तेवढंच. पाणी उकळतं.